माइकवर सुदेश पालव

ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत सुदेश पालव बसतो. "नाशिक, नाशिक! तीन नंबरला लागलीय, जागा भरपूर आहे, धावू नका आजी!" असा त्याचा आवाज स्टँडभर घुमतो. सातवीपर्यंत या माणसाला स्वतःचं नाव एका दमात सांगता येत नव्हतं, यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

'स' आला की जीभ अडायची. वर्ग खिदळायचा. हजेरीला तो नुसता हात वर करायचा. मराठी शिकवणाऱ्या उत्तरा लिमये बाई मात्र तो अडला की शांतपणे थांबायच्या. राहिलेला शब्द कुणी मागून पुरवला तर म्हणायच्या, "वाक्य त्याचं आहे. त्यालाच पुरं करू दे."

एकदा मैदानात कबड्डी रंगली होती आणि बाईंच्या कानावर आरडाओरडा आला. "आला, आला! डावा कोपरा सांभाळ! धर पाय, सोडू नको!" एकही शब्द अडत नव्हता. कठड्यावर बसून ओरडणारा मुलगा सुदेश होता!

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला बोलावलं. "सुदेश, मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही. रोज मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी उभा राहा आणि दिसेल ते सांग."

"म... मी?"

"मग काय मुख्याध्यापकांना विचारू?"

तीन महिने हे चाललं. तो अडायचा, सुटायचा, पुन्हा अडायचा. बाई मध्येच विचारायच्या, "हा बाहेर का गेला? त्याला कुणी शिवलं?" आणि समजावून सांगण्याच्या नादात तो भरधाव सुटायचा. मग क्रीडादिनाला बाईंनी त्याच्या हातात थेट माइकच दिला.

"नाही जमणार, बाई."

"अडलास तर थांब. शाळा कुठे पळून चाललीय?"

तो चारदा अडला. पहिल्यांदा पोरं हसली. चौथ्यांदा कुणाचं लक्षच नव्हतं, सगळी शाळा उभी राहून ओरडत होती!

सुदेशचं अडखळणं पुरतं गेलेलं नाही. पण आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कबड्डीचे सामने ठरले की आयोजक समालोचनासाठी आधी त्याची रविवारची सुट्टी विचारून घेतात.

गेल्या जानेवारीत माजिवड्याला मुलींचा अंतिम सामना होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना सुदेशने डोंबिवलीहून आणून पहिल्या रांगेत बसवलं. सामन्याआधी माइक घेतला आणि म्हणाला, "आज इथे माझ्या शा... शा..."

सुदेश घाबरला नाही. एक श्वास घेतला. "शाळेतल्या बाई आल्यात. मला बोलायला यांनी शिकवलं." टाळ्या आणि शिट्ट्या थांबेचनात. बाईंनी पदराने डोळे टिपले आणि हातानेच खूण केली, पुरे, आता खेळ सुरू करा.

आणि काय खेळ झाला! चौतीस-चौतीस, शेवटची चढाई, आणि चढाईला अंतरा नावाची सडपातळ पोरगी. "अंतरा आत गेली! घोटा सापडला! दुसरीनेही धरलं! पण ती सरकतेय, हात लांब, अजून लांब, बोटं मध्यरेषेवर! दोन गुण! जिंकल्या!" सुदेशचा घसा फाटायचा बाकी होता. बाई तर केव्हाच उभ्या राहिल्या होत्या आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांना बजावत होत्या, "एक नाही हो, दोन गुण! दोघींनी धरलं होतं!"

परतताना रिक्षात बाईंचा आवाज पार बसला होता. तरी घोगऱ्या स्वरात त्यांनी विचारलं, "पुढचा सामना कुठे आहे?"

"कल्याणला, बाई. पुढच्या रविवारी."

"मग लवकर ये न्यायला. मला मध्यरेषेजवळची खुर्ची हवी."