आधी अंगावरचं, मग वाटीतलं

सुमनच्या नवऱ्याला गावात सगळे देवमाणूस म्हणतात. मी म्हणत नाही. का, ते सांगते.

१९८६ साली बोरगावच्या दोन अंगणवाड्यांवर आम्ही दोघी लागलो, एकीवर सुमन, दुसरीवर मी. त्या हिवाळ्यात दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला छिंदवाड्याला जायचं होतं. सुमनची उर्मिला तेव्हा आठ महिन्यांची. सुमन तिला सोबत नेणार होती, पण नवरा हिरामण म्हणाला, "पोट्टी राहू दे मायजवळ. दर इतवारी मी घेऊन येतो ना." सासू देवकाबाईंनीही मान डोलावली. सुमननं विश्वास ठेवला. निघताना सासूला तिनं चारचारदा सांगितलं, ज्वारीच्या कण्या मऊ शिजवा, वरणात भात कुस्करा, गाईचं दूध वाटीनं पाजा. रविवारी मात्र आधी माझ्या अंगावर, मगच वाटी.

प्रशिक्षणात नेमकं हेच शिकवत होते. वर्षाच्या आत आईचं दूध हे मुख्य जेवण, वरचं खाणं हळूहळू वाढवायचं, पण त्यासाठी अंगावरचं तोडायचं नाही. मॅडम फळ्यावर लिहायच्या आणि सुमन वहीत मान घालून बसायची, कारण छाती दाटून तिचं पोलकं ओलं झालेलं असायचं. दूध आटू नये म्हणून ती दिवसातून चार-पाच वेळा पेल्यात दूध पिळायची. ते कुणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून वसतिगृहामागच्या जास्वंदीच्या बुडाशी ओतायची. मी चिडवायची, "या झाडाचं बारसं कधी करायचं?" ती हसायची. "उर्मीचं आहे ते. मी फक्त सांभाळून राहिली."

पहिले दोन रविवार हिरामण पोरीला घेऊन आला. पोरगी आईला अशी बिलगली की दुपारपर्यंत सुटेना. तिसऱ्या रविवारी तो एकटाच आला, हातात संत्र्यांची पिशवी. म्हणाला, "पोट्टीले ताप होता, म्हून नाही आणली." चौथ्या रविवारी दात येऊन राहिले होते. पाचव्याला पुन्हा ताप. सुमन रडली, घरी येते म्हणाली. तेव्हा यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, "काहून घोर करते? रोज तुही आठवण काढते ते. अंगावरचंच मांगते." त्या संध्याकाळी सुमननं दोनदा जास्त पिळलं. मला आजही त्या माणसाचा तो हात आठवला की संताप येतो.

परत आलो तेव्हा तिची पिशवी धरून मी तिच्या घरापर्यंत गेले. सुमन उंबऱ्यातच बसली आणि उर्मिलेला ओढून पदराखाली घेतलं. पोरीनं तिच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि मांडीवरून घसरत आजीकडे गेली. तिला भाताची वाटी हवी होती.

"सुटली वो ते," देवकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "महिना झाला. काही रडली नाही."

"ताप होता ना तिले?"

"कोनाले? टुणटुणीत होती पोट्टी."

सुमननं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माय म्हने, अंगावरचं तुटल्याबिगर दुसरा पाळणा हालत नाही. पोरगा पायजे ना आपल्याले. अन् तूच तं सांगत होती, वरचं सुरू करा म्हून."

केसानं गळा कापला आणि वर तिच्याच धड्याचा दाखला दिला. बरं, तक्रार करायची तर कोणाकडे? पोरगी गुटगुटीत होती, मऊ भात खात होती, आजीच्या कडेवर हसत होती. सुमननं आठ दिवस प्रयत्न केला. झोपेत पाजून पाहिलं, उपाशी ठेवून पाहायला तिचं मन धजेना. नवव्या दिवसापासून तिनं पिळणं सोडलं. दीड महिना थेंब थेंब जपलेलं दूध आठवड्यात आटलं.

पुढच्या महिन्यात ती एका बाईला पाळणा लांबवायची तांबी बसवायला सौंसरच्या दवाखान्यात घेऊन गेली. येताना स्वतःलाही बसवून आली. ते तिनं फक्त मला सांगितलं.

त्यानंतर तीन वर्षं देवकाबाईंनी जडीबुटी उकळली. हिरामणनं पांढुर्ण्याचे डॉक्टर केले. सुमन प्रत्येक काढा तोंड वाकडं न करता प्यायची. शेवटी एका नर्सबाईनं, याला ठाऊकच असेल असं समजून, वाटेत सांगितलं की बायकोची तांबी बदलायची वेळ झाली.

हिरामण तसाच सुमनच्या अंगणवाडीत आला. मी तेव्हा रजिस्टर जुळवायला तिथेच बसले होते. पोरं ओळीनं जेवत होती, त्यांत उर्मिलाही. तो दारातूनच बोलू लागला.

"इतके साल मी वेड्यासारखा फिरून राहिलो. मले सांगितलं काहून नाही?"

सुमननं पळी गंजात बुडवली.

"पोट्टीले ताप होता," ती म्हणाली आणि पुढच्या ताटलीत खिचडी वाढली.