हरणाऱ्याची खुशी

निवृत्तीनंतर मेहुण्याने मला गोव्याला नेले आणि एका तरंगत्या कॅसिनोत बसवले. वर इतकी झुंबरे होती की खाली काय चालले आहे याकडे लक्ष जाऊ नये म्हणूनच ती टांगली असावीत असे वाटे. पत्ते वाटणारी मुलगी काळ्या जाकिटात होती आणि फार सफाईने वाटत होती. जिंकलेला माणूस तिच्याकडे पैशांच्या जागी चालणाऱ्या दोन चकत्या सरकवायचा. हरलेला तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. म्हणजे बक्षीस तिच्या कामाला नव्हतेच, ते स्वतःच्या नशिबाला होते. मी हे बोललो तर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, इथं तरी पेपर तपासू नका."

पण ही खोड मला त्याच्याच गावाने लावली आहे. माझी सासुरवाडी ढाणकीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैल आणि माणसे दोघेही मोकळे असताना, पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या एका मिस्त्रींच्या टिनाच्या शेडमध्ये तीन पत्तीचा डाव बसतो. मिस्त्री खेळत नाहीत, फक्त वाटतात. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून त्यांची बोटे अशी झाली आहेत की पान जमिनीवर पडल्याचा आवाजही येत नाही. संध्याकाळी त्यांना खुशी द्यायची, पण ती सगळ्यात जास्त हरलेल्याने. जिंकणाऱ्याला कोणाचेही वाटणे गोडच लागते. हरलेल्याचा हात खिशात गेला नाही, तर पुढच्या पोळ्याला पत्त्यांची गड्डी वाटायला दुसऱ्याकडे जाणार. मला हा नियम बरीच वर्षे गावठी नाटक वाटत होता.

मग एका वर्षी महागावकडच्या एका तांड्यावरचा शेतकरी सकाळपासून हरत होता. मिस्त्रींनी पाने वाटली. त्याने आपली उचलून पाहिली आणि अगदी सावकाश पालथी ठेवली. तेवढ्यात मिस्त्रींनी मधल्या पैशांवर हात ठेवला.

"डाव रद्द. वाटता वाटता मले एक पान दिसलं."

आम्हा कोणालाच काही दिसले नव्हते. ते गप्प बसले असते तर खुद्द गणपतीलाही कळले नसते. शेतकऱ्याने आपली पाने उताणी केली. तीन बादशाह. तीन पत्तीत याच्या वर फक्त तीन एक्के.

एकजण म्हणाला, "मिस्त्री, आता चष्मा काढून वाटत जा." सगळ्यांच्या मनात एकच शंका होती, ती शेतकऱ्यानेच बोलून दाखवली.

"बादशाहच दिसला असन तुमाले."

"नाही."

"मंग कोन्तं?"

"चौकटची सत्ती. गुरुजीले गेली."

गुरुजी म्हणजे मी. जावई म्हणून मला बसवले होते आणि माझी पाने अजून पालथीच होती, मीही पाहिली नव्हती. मी एकेक उलटली. नव्वी, गुलाम, चौकटची सत्ती.

त्या सत्तीने कोणाचे काही भले होणार नव्हते, माझे तर नाहीच. शेतकरी तिच्याकडे बघत राहिला.

"इच्यासाठी माहे तीन बादशाह गेले?"

"दिसलं तं दिसलं, भाऊ," मिस्त्री म्हणाले. "पान लहान म्हणून न दिसल्यासारखं कसं करू?"

नवा डाव वाटला गेला. शेतकरी तोही हरला. मिस्त्रींनी गड्डी नीट केली, फडक्यात बांधली आणि खाली बघत बसले. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. शेतकऱ्याने चप्पल घातली, दारापर्यंत गेला, तिथे थांबून खिसे चाचपले आणि परत आला. त्याच्या हातात चौघडी केलेली एक नोट होती.

"घ्या मिस्त्री. पुढच्या पोळ्याले तुम्हीच वाटा. फक्त मले बादशाह नका देऊ."

मिस्त्री नोट घ्यायला उभे राहिले. त्यांच्या पाठोपाठ आम्ही सगळेच उभे राहिलो, आणि का ते कोणीच कोणाला विचारले नाही.