छकड्यातले विरजण

कोणाचीही गाडी दिसली, की तो तिच्या मागच्या फळीवर दोन्ही तळवे ठेवायचा, अंगाचा भार टाकून दाबायचा आणि एकदम सोडून द्यायचा. मग मान तिरकी करून बघत राहायचा, गाडी किती वेळ खालीवर होते ते. कचेरीबाहेर उभी असलेली एका साहेबाची बग्गीसुद्धा त्याने अशीच दाबली आणि पट्टेवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. "दाबून बगा, रावसाब," असे तो मला म्हणायचा. मी दाबायचो. मला काही कळायचे नाही.

तुम्ही त्या काळी ठाण्यात राहिला असाल, तर त्याला नक्की पाहिले असेल. आमच्या आळीच्या टोकाला त्याचे घर, खाडीकडे भातखाचरे आणि दारात शर्यतीचा छकडा. छकडा म्हणजे नुसता सांगाडा आणि दोन चाके. त्यात माणूस बसत नसे, चिकटून राहत असे. शर्यतीत त्याच्यापुढे गेलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

त्याच छकड्यातून त्याने आपल्या लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी बाळकुमहून माहेरी आणले. पेंढ्याची गादी घातली होती, बैलांची शिंगे रंगवली होती. घरी आल्यावर चार दिवसांत मूल पोटातच गेले. सुईण म्हणाली, हिसक्यांनी गेले. वैद्य म्हणाले, हिसक्यांचा काही संबंध नाही. कोणाचे खरे, ते मला तेव्हा कळले नाही आणि आता म्हातारपणीही कळलेले नाही. त्याने मात्र सुईणीचेच मनाला लावून घेतले. शर्यती सोडल्या.

पुढे तिला पुन्हा दिवस गेल्याचा निरोप आला. तेव्हा त्याने लिलावात एक मोडकी बग्गी घेतली आणि तिच्या हिसके झेलणाऱ्या पोलादी कमानी काढून छकड्याखाली बसवल्या. मी म्हटले, अरे, डोली कर, भोई बघ, कशाला हा उपद्व्याप? तो म्हणाला, "मीच आनलेली ह्या गारीनं. ह्याच गारीनं आनीन."

कमानी नीट बसल्या की नाही हे ठरवायची त्याची रीत ऐका. सकाळी आमच्याकडून विरजण न्यायचे, ते दुधात घालून गाडगे छकड्यात ठेवायचे आणि दही लागेपर्यंत मासुंदा तळ्याला फेऱ्या मारायच्या. दही अखंड लागले तर गाडी चांगली. पहिल्या खेपेस खड्ड्यात काही वाटले नाही, पण वळणावर छकडा असा कलला की दह्याचे पाणी झाले. मग त्याने दोन्ही बाजूंना चामड्याचे पट्टे आवळले. कलणे थांबले, हिसके परत आले. पट्टे सैल केले, पुन्हा कलणे. वाऱ्यासारखे धावणारे ते बैल, आता तो त्यांना पाऊलभरही पळू देत नसे. तेही बिचारे गोंधळले. त्या उन्हाळ्यात आमच्या आळीने जेवढे ताक प्यायले तेवढे पुन्हा कधी प्यायले नाही. लोक हसत. मीही हसायचो, आणि घरी आल्यावर वाईट वाटायचे.

"मऊ केली तर डोलते, कडक केली तर मारते," तो एकदा म्हणाला. "मंग मानसानं करावा तरी काय?"

अखेर एकदा गाडगे घेऊन तो दारात उभा राहिला. दही सुरीने कापावे असे लागले होते. दुसऱ्या दिवशी तो बाळकुमला गेला.

मी वेशीपर्यंत सामोरा गेलो. बैल आले, छकडा आला. छकड्यात गादी, गादीवर गाडगे, बाकी रिकामा. लेक मागून चालत येत होती. सातवा महिना, चेहरा घामाने निथळलेला, एक हात मागच्या फळीवर. तिच्या शेजारी हा, कासरा धरून, तोही चालत. ती बसायलाच तयार नव्हती. त्याने एकदा म्हणून पाहिले, ती रडू लागली, मग त्याने पुन्हा म्हटले नाही.

एवढा खटाटोप, आणि गाडी रिकामीच आली की हो! तोच हळू आवाजात म्हणाला, "बसली नाय. पन सारी वाट तिचा हात व्हता गारीवर. हाताला हिसका नाय बसला."

मुलगा झाला, धडधाकट. सुईण म्हणाली, चालल्याने सुखरूप झाले. वैद्य म्हणाले, चालण्याचा काही संबंध नाही.

त्यानंतर लेक कैकदा माहेरी आली. दर वेळी तो छकडा घेऊन जायचा आणि दर वेळी दोघे चालत यायचे.

मग तोच गेला. तेराव्यानंतर जावयाने बैल जुंपले. लेक बाहेर आली. तिने मागच्या फळीवर दोन्ही तळवे ठेवले, भार टाकून दाबले आणि सोडून दिले. मान तिरकी करून थोडा वेळ पाहिले. मग पदर खोचून ती छकड्यात चढली आणि बसली.

वळणापर्यंत मी बघत होतो. छकडा डोलत होता की नाही, मला सांगता येणार नाही. मला काही दिसतच नव्हते.