पाराच्या मागचा नळ

कंडक्टरला बजावून सांगितलं होतं, कारेगावला उतरायचंय. त्यानं मला थेट शिरूरच्या स्टँडवर आणून सोडलं आणि वर ऐकवलं, "झोपला होता तुम्ही, मावशी!" झोपले होते हे खरं, पण हाक मारायला काय झालं होतं? चिडून स्टँडवरची झणझणीत भेळ खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि सहा सीटरमध्ये कोंबून घेऊन उलटी कारेगावकडे निघाले.

निघाले होते शैलासाठी. ही माझी मावसबहीण, दौंड तालुक्यात वरवंडच्या पुढे एका वाडीची सरपंच. वाडीचं पाणी मचूळ (खारट, बेचव). गोड पाण्याचा शब्द देऊन ती निवडून आली आणि एका कंपनीला गळ घालून तिनं पाणी शुद्ध करायचं मशीन आणलं. जागा आणि पाणी पंचायतीचं, मशीन कंपनीचं. पण पाणी न्यायला कुणी येईना, मशीन बंद पडलं. आता कंपनी म्हणत होती, ग्रामसभेत नवा करार करा, नाहीतर मशीन दुसऱ्या गावाला देतो. सभा दुसऱ्याच दिवशी होती. "ताई, माझी अब्रू जायची वेळ आलीय," शैला फोनवर रडकुंडीला आली होती. "कारेगावाकडं असंच एक चालतंय म्हणे. येताना बघून ये ना."

कारेगावजवळची ती वस्ती कारखान्यातल्या कामगारांची. मशीनची शेड रंगवलेली, दारावर झेंडूची माळ, पण नळ कुठे दिसेना. बचत गटाच्या एस्तेरबाई चावी कमरेला खोचून उभ्या होत्या. "नळ कुठाय?" मी विचारलं.

"मागं. पुढं फोटू काढत्यात, पाणी मागं भरत्यात!"

मागच्या बोळात खरंच बायकांची रांग होती. एस्तेरबाई म्हणाल्या, "आधी नळ पुढंच व्हता. म्होरं पानाची टपरी, तिथं पोरं टवाळक्या करायची. बायका येईनात. मग आमी मीटिंगीत सांगितलं. कंपनीनं पाइप फिरवला, पंचायतीनं फरशी टाकली."

"एवढंच?"

"एवढंच कसं? कंपनी, पंचायत आन् आमी बायका, तिघं एका सतरंजीवर बसलो तवा झालं! आधी कंपनी म्हणायची पंचायतीला इचारा, पंचायत म्हणायची कंपनीला." त्यांनी भिंत दाखवली. बिघाड झाला तर कुणी यायचं, ते तिथं ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. मग त्याच पाण्याचा चहा दिला. झकास होता.

दुपारी न्हावऱ्यावरून दौंडकडे निघाले. दोन्ही बाजूंना ऊस, गुऱ्हाळाचा गोड वास, मग भीमेचा पूल. चौफुल्याला गाडी बदलली. वरवंडला शैला स्कूटीवर घ्यायला आली होती. रात्री हुलग्याचं माडगं (कुळथाची पातळ पेज) केलं होतं. चव छान, पण वर पाणी प्यायले आणि तोंड वाकडं झालं. शैलाला जेवण जात नव्हतं.

सकाळी एकटीच मशीन बघायला गेले. मारुतीच्या देवळासमोर पार (झाडाभोवतीचा बसायचा कट्टा), त्यावर गावातले वडीलधारे आणि पाराला खेटूनच मशीन. गावानं मानाची जागा दिली होती. कोपरा वळले आणि माझा पाय आपोआप थांबला. चपला काढून हातात घेतल्या, पदर डोक्यावर घेतला. लहानपणी मावशीनं लावलेली सवय! या गावात बाई पारासमोरून चपला घालून जात नाही. तापल्या मातीतून अनवाणी चालले, म्हाताऱ्यांच्या नजरा झेलल्या आणि मध्येच डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! भरलेला जार घेऊन रोज हे कोण करणार?

धावत जाऊन शैलाला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "सरपंच झाल्यापासून मी स्कूटीवरनं जातेय गं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई!"

ग्रामसभा त्याच पारापाशी भरली. बायका अगदी मागे बसलेल्या. सगळ्यांत वडील असलेले आबा उठले. "बायकांनाच नको हाय ते पानी. देऊन टाका मशीन."

शैला पुढे आली. "आबा, तिकडं कोपऱ्यावर बघा."

सगळ्यांनी मान वळवली. कोपऱ्यावर बायकांच्या चपलांचा ढीग पडला होता, माझ्याही त्यातच. "ह्या चपला तिथं काढून, तुमच्या म्होरनं, जार घेऊन रोज यायचं त्यांनी? नळ मागच्या आळीत न्या आन् चावी बायकांकडं द्या. मग बघू पानी नको म्हणत्यात का."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "च्यायला! मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

मागून, पदराआडून, त्यांच्याच सुनेचा आवाज आला. "तुमच्याम्होरं बोलायचं कसं, मामंजी?"

अख्खी सभा हसली. आबाही हसले, जरा उशिरानं. कंपनीचा साहेब म्हणाला, पाइप मागे नेणं काही मोठं काम नाही. करार मंजूर झाला, हात आधी बायकांचे वर गेले. शैला मात्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

पुण्याच्या गाडीत बसले तेव्हा विचार करत होते. मशीन होतं, जागा होती, सह्या होत्या. जिनं पाणी वाहायचं, तिलाच कुणी सतरंजीवर बसवलं नव्हतं. मीही शिकलेली बाई; चपला हातात येईपर्यंत मला तरी कुठे कळलं?

घरी येऊन बघते तर काय, एक चप्पल माझी, दुसरी भलत्याच कुणाची! शैलाला फोन केला. ती हसत सुटली. "आबांच्या सुनेची हाय ती. तुझी पाठवून देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "घालू दे तिला. नळ मागं आला की मीच येते घ्यायला. पारासमोरून, चपला पायांत घालूनच येईन म्हणावं."