इकिगाईच्या कागदावर मी खरं लिहिलं

मित्रमैत्रिणींनो, आज कामावरून रडत घरी आले. काय झालं ते सांगते.

वसई पूर्वेच्या आमच्या पॅकिंगच्या गाळ्यात सकाळी इकिगाईचं सत्र होतं. इकिगाई म्हणजे आपल्या जगण्याचं कारण, ही जपानी कल्पना. मी त्यावर बरंच वाचलंय. "तू ग्रॅज्युएट आहेस, बायकांना तूच समजाव," असं मॅनेजर म्हणाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्यामुळे फार अभिमान वाटला.

पाच मिनिटं सगळ्या डोळे मिटून शांत बसल्या. मग आपलं मन कशात रमतं ते प्रत्येकीने कागदावर लिहायचं होतं. चिंचोटीच्या नलूमावशींना लिहिता येत नाही, म्हणून त्यांचा कागद मी घेतला.

"मनापासून सांगा हं, मावशी."

"माझं मन वाडीतल्या मोगऱ्यात हाय. डब्यांना झाकनं लावन्यात कोनाचं रमतं गं? तुझं रमतं?"

बाकीच्या हसल्या. मी तसंच लिहिलं आणि खाली त्यांचं नाव घातलं. शेवटी सगळे कागद मॅनेजरनी गोळा केले.

संध्याकाळी मॅनेजरनी तोच कागद दाखवून नऊ वर्षं काम केलेल्या मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कामात मन नसलेली माणसं त्यांना नको आहेत. मी मध्ये पडले, तर म्हणाले, "अक्षर तुझंच आहे ना?"

चप्पल घालताना मावशी एवढंच म्हणाल्या, "तू शिकलेली पोर. कागदावर काय लिवायचं नाय, ते तुला ठाऊक पायजे होतं."

शुक्रवारी शेजारच्या गाळ्यात हेच सत्र मला घ्यायचंय. तिथेही कुणीतरी आपला कागद माझ्या हातात देईल. तुम्ही असतात, तर त्यावर काय लिहिलं असतं?