अक्काचा मुलगा लेट आहे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी दोंडाईच्याच्या स्टेशनामागे राहणाऱ्या अक्काचं नाव घेतो. ती माझ्या नात्यातली नव्हती. आमचं गाव तिथून चार कोसांवर, आणि गावात मराठी चौथीपुढे शाळा नव्हती. कापूस घेऊन बाजाराला येणाऱ्या माझ्या वडिलांना ती एकदा सहज म्हणाली, पोराला माझ्याकडे ठेव, माझी ओसरी मोकळीच पडली आहे. त्या ओसरीवर मी पाच वर्षं राहिलो. तिच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन इंग्रजी शिकलो आणि पुढे आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो.

आज मी जळगावला मुलांना इंग्रजी शिकवतो. 'लेट' हा शब्द आला की एक तास त्यातच जातो. घंटेनंतर वर्गात येणारा मुलगा लेट, चाळीसगावची गाडी लेट, मागास पेरलेला कापूस लेट. 'ऑफ लेट' म्हणजे अलीकडे, 'लेटर' म्हणजे नंतर, आणि 'लेटेस्ट' म्हणजे अगदी ताजं. उशिराच्या पोटातून ताजं कसं निघालं, याचं मुलांना नवल वाटतं, आणि ती हसतात. एक अर्थ मात्र मी फळ्यावर लिहीत नाही. तो तोंडानं सांगतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो.

मागच्या मोठ्या लढाईत अक्काचा एकुलता मुलगा खेचरांच्या पलटणीत भरती होऊन बसऱ्याकडे गेला होता. घरात अक्का, तिची सून आणि मी, एवढेच. सुनेला मी वहिनी म्हणायचो. ती तेव्हा एकोणीस वर्षांची असेल. मी इंग्रजी तिसरीत होतो.

चैत्रातल्या एका दुपारी पोस्टमननं एक सरकारी लिफाफा आणून दिला. आत टाइप केलेला एकच कागद होता. स्टेशनमास्तर परप्रांतातले, नवे आले होते. त्यांच्याकडून वाचून घेता आला असता. पण आपल्या ओसरीवर इंग्रजी शिकणारा असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं, असं अक्काला वाटलं. तिनं हात पुसले, माझ्यासमोर बसली. वहिनी उंबऱ्याशी उभी राहिली.

मला त्यातले निम्मे शब्द आले नाहीत. पण आले ते नीट जुळले. मुलाचं नाव होतं. त्याचं सामान पाठवत आहोत, असं होतं. आणि 'मुलगा' या शब्दाच्या आधी 'लेट' होतं. हा शब्द मला पक्का ठाऊक होता. शाळेच्या हजेरीत तो माझ्या नावापुढे चार वेळा पडला होता, आणि स्टेशनावरच्या काळ्या पाटीवर तो मी रोज खडूनं लिहिलेला पाहायचो. मी मान वर करून सांगितलं, की तो लेट आहे आणि त्याचं सामान पुढे पाठवलं आहे.

अक्कानं डोळे मिटून हात जोडले. वहिनीनं मात्र विचारलं, "लेट म्हंजे? तो लेटेल शे का?"

आमच्याकडे लेटणं म्हणजे आडवं होणं. आजारी माणूस लेटतो, दमलेला लेटतो. मी हसलो. म्हटलं, वहिनी, हा तो लेट नाही, हा इंग्रजी लेट आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही. अक्कानं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

सामान आठवड्यानं आलं. एक खाकी कोट, एक पितळी पेला आणि बूट. बुटांच्या तळाला पांढरी, पिठासारखी माती चिकटलेली होती. आमची जमीन काळी. तसली माती आम्ही कुणी पाहिली नव्हती. अक्कानं ती पुसू दिली नाही. ती म्हणाली, "सामान उनं. आते मानूस येई."

त्याच दिवशी तिनं माजघरात मुलाची खाट टाकली, तिचा सुंभ ओढून ताणला, वर गोधडी घातली आणि खाली बूट ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारच्या गाडीला स्टेशनावर जाऊ लागली. पहिले काही दिवस हमाल थट्टा करत. एकजण दुरूनच सांगायचा, अक्का, आज गाडी लेट शे. ती पदर सावरत उत्तर द्यायची, "असू दे भाऊ. मना आंडोर बी लेट शे." आपल्या मुलाला गाडीच्या रांगेत बसवून ती स्वतःच हसायची, आणि हमालही हसायचे. वर्ष उलटलं, लढाई संपली, आसपासच्या गावांतले दोघे-तिघे परत आले. मग हमालांनी थट्टा सोडली. ते तिला बसायला बाकाची सावलीकडची बाजू मोकळी करून देत आणि दुसरीकडे बघत.

एकदा शनिवारी शाळा अर्धी सुटली आणि मी दुपारीच घरी आलो. अक्का स्टेशनावर होती, वहिनी विहिरीवर. बाहेर ऊन इतकं, की ओसरीच्या दगडावर पाय ठेववत नव्हता. पाणी प्यायला आत गेलो तर खाटेकडे लक्ष गेलं. सुंभ सकाळीच ताणलेला होता. मीच एक टोक धरलं होतं. आता तो मधोमध खाली आला होता. गोधडीवर खांद्याशी एक खळगा होता आणि कमरेशी एक. मांजर बसून गेलं असेल, म्हणून मी हात लावला. घरातली प्रत्येक वस्तू तापलेली असताना ती गोधडी रांजणाच्या बुडासारखी गार होती. मी पाणी न पिताच बाहेर आलो.

वहिनी आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. तिनं घागर उतरवली, आत गेली, आणि केरसुणी व सूप घेऊन बाहेर आली. सुपात चिमूटभर पांढरी माती होती. रोज एवढीच निघते, असं ती म्हणाली. मी म्हटलं, बुटांची पडत असेल. ती म्हणाली, बुटांची कधीच संपली. मी रोज उलटे करून बघते.

पुढे मी इंग्रजी सहावीसाठी धुळ्याला गेलो. मॅट्रिकच्या वर्गात एका सकाळी मास्तरांनी उतारा सांगितला. त्यात कुण्या एका संस्थानिकाच्या नावाआधी 'लेट' आलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, महाराज कुठे उशिरा पोचले होते का? वर्ग हसला. मास्तरही हसले आणि म्हणाले, महाराज पोचले, वेळेवर पोचले. मेलेल्या माणसाच्या नावाआधी हा शब्द लावतात, आपण कैलासवासी म्हणतो तसा. नंतर त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं. मला ते लिहिता आलं नाही. तो टाइप केलेला कागद ओळ न ओळ माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि आता मला सगळे शब्द येत होते. त्या कागदाआधी मृत्यूची बातमी देणारं एखादं पत्र निघालंच असणार. ते कुठे राहिलं, कुणाला कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आधी दोंडाईच्याला उतरलो. सांगायचं ठरवूनच आलो होतो. तिथे कळलं, की वहिनीचा भाऊ पारोळ्याहून दोनदा येऊन गेला होता. आमच्याकडे नवरा गेलेल्या तरुण बाईचा पाट लावतात. भावानं एक चांगलं स्थळ पाहिलं होतं. तो अक्काला म्हणाला, लढाई संपून दोन वर्षं झाली, आता काय ते मान्य कर. अक्कानं त्याला माझं नाव सांगितलं होतं. कागद त्या पोरानं वाचला आहे, म्हणाली. "तो इंग्रजी शिकेल शे. तो खोटं सांगाव नही." भाऊ तसाच परत गेला. म्हणजे वहिनीला त्या घरात कोंडलं होतं ते माझ्या एका शब्दानं.

दुपारी अक्का गाडीवरून परतली आणि माजघरात खाटेशेजारी जमिनीवर बसली. मी समोर बसलो. म्हटलं, अक्का, तो कागद मी वाचला होता ना. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल."

मी विचारलं, का. तिनं जे सांगितलं ते ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. सामान पुढे येतं आणि माणूस मागून येतो, हे तूच सांगितलंस. तशी त्याची झोप पुढे आली आहे. दुपारची येते, गाडी यायच्या वेळी. माणूस मागून येईल.

आणि तेव्हाच खाटेचा सुंभ करकरला. कूस बदलणाऱ्या माणसाच्या अंगाखाली करकरतो तसा, डोक्याकडून पायाकडे. खाटेवर कुणी नव्हतं. अक्कानं गोधडीचं टोक सारखं केलं. दाराशी वहिनी उभी होती. ती खाटेकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. सांगायचं ते तसंच राहिलं. संध्याकाळच्या गाडीनं मी निघून आलो.

महिन्याभरानं धुळ्याच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. ओसरीवर राहत होतो तेव्हा माझ्या पाटीवर मी वहिनीला बाराखडी शिकवली होती. जोडाक्षरांना हात घालायच्या आधीच मी धुळ्याला गेलो. 'अक्का' एवढं एकच जोडाक्षर तिला येत होतं, तेही तिनं हट्टानं शिकून घेतलेलं. कार्डावर बोराएवढी अक्षरं होती: "कागदात काय होतं ते लिहून सांग. खोटं नको."

त्याचं उत्तर मी अक्काच्या नावानं लिहिलं. वाचणार वहिनीच होती, म्हणून एकेक शब्द पारखून, जोडाक्षर येईल तिथे दुसरा शब्द शोधून लिहिलं. तीन वेळा खोडलं. मॅट्रिकचा निबंध मला तेवढा जड गेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या माघात वहिनीला तिच्या भावानं नेलं. तिचा पाट लागला, मुलंबाळं झाली, आणि पारोळ्याला गेलो की मी तिच्याकडे जेवतो. अक्कानं स्टेशनावर जाणं सोडलं. पत्राबद्दल ती माझ्याशी एका अक्षरानं बोलली नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडे जाताना मी तिच्या दारावरून मान खाली घालून चाललो होतो, तर तिनं हाक मारून आत बोलावलं, ताट वाढलं, आणि कॉलेजात जाणार ना, एवढंच विचारलं. मी बी.ए. होईपर्यंत माझ्या प्रत्येक सुट्टीतले पहिले चार दिवस तिच्या ओसरीवरच गेले. खाट तिनं भिंतीला उभी करून ठेवली होती. उभ्या खाटेचा सुंभ सैल पडायचं कारण नाही. तरी दर सुट्टीत त्याला मधोमध झोळ पडलेला असे, आणि आम्ही दोघं न बोलता तो ताणत असू.

पत्राचा कच्चा कागद माझ्याजवळ राहिला आहे. त्यावर आहे ते असं:

अक्का,

पाया पडतो. वहिनी हे वाचेल, तू ऐक. वहिनी, मधे थांबू नको, सगळं वाच.

तीन साल आधी साहेबाचा कागद आला. तो मी वाचला. चुकीचा वाचला. साहेबाची बोली फसवी आहे. गाडीला उशीर झाला की साहेब लेट बोलतो. माणूस मेला तरी साहेब लेट बोलतो. मला गाडीचा लेट येत होता. माणसाचा लेट येत नाही, हे मला आधी कळलं नाही.

अक्का, तुझा मुलगा बसरा गावी देवाघरी गेला. मागे राहिलं ते सामान साहेबानं तुला पाठवलं. कागदात एवढंच होतं. तो येणार, असं कागदात नाही.

माझी चूक मला धुळे गावी कळली. दिवाळीला सांगायला आलो होतो. खाट वाजली, मी घाबरलो, न बोलता निघालो. ही दुसरी चूक पहिलीहून मोठी.

वहिनीला तिचा भाऊ नेईल. तिला जाऊ दे. तिला तू बांधलं नाही, मी बांधलं. मला मारायचं असेल तर मार, पण तिला जाऊ दे.

खाटेवर कोण येतं ते मला ठाऊक नाही. वहिनी, आता एक कर. हा कागद दुपारी गाडीची वेळ झाली की खाटेपाशी बसून परत एकदा वाच. आवाज मोठा कर. कुणी आलेला असेल तर तोही ऐकेल. मग तोही उठेल.

तुझा ओसरीवरचा