दाराच्या फळीवरचा आईचा पंजा

गेल्या रविवारी टिळकवाडीतून वडगावला माहेरी गेले होते. भावानं साड्या विणायचे माग विकले, आता तिथं खोल्या बांधायच्यात. मागाच्या खोलीचं दार मात्र आम्ही दोघांनी वाटून घ्यायचं ठरवलेलं... एक फळी त्याला, एक मला.

हसू नका. त्या फळ्यांवर आई-आप्पांचे पंजे आहेत, एकेकावर एकेक. खंडेनवमीला माग पुजून झाला की आमच्याकडं दारावर कुंकवाचे हात उमटवतात. एका वर्षी आप्पांनी उरलेला लाल ऑइलपेंट वापरला, म्हणून ते टिकले.

मी दोन वर्षांची असताना आई गेली. तिचा आवाज, तिचा स्पर्श... काही म्हणजे काही आठवत नाही. लहानपणी फार आठवण आली की मी त्यातल्या लहान पंजावर गाल टेकून उभी राहायचे. लहान हात बाईचा, त्यात विचारायचं काय?

तीच फळी उचलायला गेले तर भावाची लेक आडवी आली. ती फॉरेन्सिक शिकते. मोबाईलवर फोटो मोठा करून म्हणाली, बायकांच्या बोटांवरच्या रेषा सहसा बारीक आणि दाट असतात, पुरुषांच्या जाड. आणि बारीक रेषा तर मोठ्या पंजावर दिसतायत... "पण नुसत्या ठशावरून खात्री न्हाई हं आत्ती."

मला तिचा रागच आला. आयुष्यभर जिला बिलगले ती आई नव्हेच?

बाहेरच्या सोप्यात मावशी बसली होती, आईची धाकटी बहीण. तिला विचारलं.

"मोठाच की गं आक्काचा. लई रुंद हात. कासाराकडं तिच्या मापाच्या बांगड्या गावायच्या न्हाईत. दाजींचेच हात बारके."

मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?

"तू कवा इचारलंस?"

मी मोठ्या पंजावर हात ठेवला. बोटाला बोट बरोबर बसलं... माझ्या लग्नात कासारीण बांगड्या भरताना म्हणाली होती, पोरीचा हात बाप्याचा हाय. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परवा मात्र सगळ्यांसमोर रडले, लाजले नाही.

लहान पंजाची फळी भावानं घेतली, मोठी मी आणली. भाचीचे आभार मानायला हवेत, तिच्यावर उगाच चिडले.

आईचं आपल्याकडं काहीच नाही म्हणून मी इतकी वर्षं झुरत होते... आणि रोज तिच्याच हातांनी भाकरी थापत होते.